चढावरचा संतापी

सोलापुरात मालधक्क्याकडून पेठेत जाताना एक चढ लागायचा. तिथे एक गिरणी कामगार मला रोज सकाळी कामावर जाताना दिसे. भुवयांवर कापसाचे तंतू आणि तोंडात अखंड शिव्या. एखादी बैलगाडी चढाला अडली की हा धावत जाऊन चाकाला हात घालायचा आणि गाडी वर पोचेपर्यंत गाडीवानाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. कचेरीला उशीर झाला तरी मी हा तमाशा सोडत नसे.

एकदा ज्वारीच्या गाडीचा बैल गुडघ्यांवर आला.

"अरं ए, केवढी भरलीस? जनावर मारतोस काय?" तो ओरडला.

गाडीवान हसला. "दोनच पोती जादा हायत की. म्हटलं, चढावर तुमी हायच!"

त्याचा चेहरा असा पडला, की तसा मी नाटकातही पाहिलेला नाही. आपल्याच मदतीचं ओझं बैलाच्या मानेवर बसलेलं त्याला दिसलं. मला वाटलं, हा आता पुन्हा कुणाच्या चाकाला शिवणार नाही.

त्यानं गाडीवानाला दरडावून दोन पोती खाली उतरवायला लावली, शिव्या देतच गाडी वर ढकलली आणि परत येऊन पोत्यांवर फतकल मारली. तेवढ्यात गिरणीचा भोंगा वाजला.

"खाडा पडेल की तुमचा," मी म्हणालो.

"मग गाडीवान परत येईस्तवर ही पोती काय तुमी राखनार व्हय?" तो खेकसला.

मी पोत्यावर बसलो. तो गिरणीकडे पळत सुटला. आभार राहिले बाजूला, वळून माझ्यावरच ओरडला, "नुसतं बसू नका! गाई तोंड घालत्यात!"