पाचवी लाल पट्टी

आमच्या साडभाऊंशी खोटं बोलता येत नाही. निदान ज्या खोट्यात विमान आहे, ते तर नाहीच नाही. मी हे अनुभवानं सांगतो. मागच्या वर्षी मी आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसलो, नागपूर ते पुणे. उड्डाणाच्या क्षणी खिडकीतून फोटो काढायचा आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचा, हे आठ दिवस आधीपासून ठरलं होतं. प्रत्यक्षात विमान पळायला लागलं तेव्हा माझे दोन्ही हात समोरच्या सीटला होते आणि डोळे मिटलेले. ते नीट उघडले पुण्यात, चाकं जमिनीला लागल्यावर. मग घाईघाईनं पंखाचा एक फोटो काढला आणि उतरायच्या आत टाकूनही दिला, 'उड्डाण! नागपूरला रामराम!' धडाधड अंगठे आले, फुलं आली, आर्णीच्या आमच्या गल्लीतून 'गर्व आहे' असंही एकानं लिहिलं. आणि सगळ्यांच्या खाली साडभाऊंच्या दोन ओळी, 'पंखावरच्या फळ्या उभ्या आहेत. त्या चाकं टेकल्यावर उठतात. भाऊ, पुण्यात ऊन कसं आहे?'

साडभाऊ म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. हवाई दलात त्यांनी वीस वर्षं काढली, पण सगळी जमिनीवर. विमानाची चाकं, टायर आणि चाकाखाली लावायचे ठोकळे, एवढा त्यांचा प्रांत. आता मारेगावजवळ कापूस आणि तूर करतात, पण माणूस शेतात आला तरी नजर चाकापाशीच राहिली आहे. सिनेमात विमान आलं की आपण नायकाकडे बघतो, नायिकेकडे बघतो, विमानातून उतरणाऱ्या गुंडाच्या बॅगेकडे बघतो. हे खाली वाकून चाकं मोजतात. टीव्हीसमोर खरोखर वाकतात, जणू टीव्हीच्या पोटाखालून काही दिसणार आहे. "उडलं तवा नाकाखाली दोन चाकं होती. उतरून राह्यलं तं एकच! एक काय ढगात पडलं?" असं त्यांनी विचारलं की उत्तर आपण द्यायचं असतं, कारण सिनेमावाला तिथे नसतो. मी एकदा बिचकत म्हणालो, "पंक्चर झालं असेल." त्यावर त्यांनी मला टायरमधल्या हवेविषयी पाऊण तास सांगितलं. मला त्यातलं एवढंच कळलं की ती आपल्यासारखी हवा नसते. मग कोणासारखी असते, हे विचारायचा धीर झाला नाही.

त्यांच्यासोबत सिनेमा पाहिला की मला माझ्याच डोळ्यांची शंका येते. काचेला तडा डावीकडे होता की उजवीकडे? विमान उलटं झालं तेव्हा नायकाच्या पेल्यातला चहा का सांडला नाही? तोंडावरचा मुखवटा काढून हा आकाशात गाणं कसं म्हणतो? मी आजवर ही गाणी सुखानं ऐकत आलो होतो. आता गाणं लागलं की मला गुदमरल्यासारखं होतं. माझी आकडसासू, म्हणजे बायकोची थोरली बहीण, तिचा तर संसारच यात गेला. ती म्हणते, "लग्नापासून एक पिच्चर शेवटलोक नाई पाह्यला मी. हिरोइन मेली का वाचली, ते शेजारीण सांगते."

पण साडभाऊंचा खरा ध्यास म्हणजे लाल पट्ट्या. लढाऊ विमान उभं असताना त्याच्या चाकांत आणि पंखांखाली खिळ्या घातलेल्या असतात म्हणे, चुकून काही हलू नये म्हणून. प्रत्येक खिळीला लोंबती लाल पट्टी. उडायच्या आधी खालच्या माणसानं त्या एकेक काढायच्या, विमानासमोर उभं राहून हात उंच करून वैमानिकाला दाखवायच्या, आणि वैमानिकानं मोजून मान हलवायची. पाच घातल्या असतील तर पाच दिसल्या पाहिजेत. साडभाऊंनी हे काम वीस वर्षं केलं आणि निवृत्त होताना फक्त विमान मागे ठेवलं. घरी पट्ट्या आल्या. त्यांच्या स्कूटरच्या स्टँडला लाल पट्टी, गॅसच्या बटणाला लाल पट्टी, फवारणीच्या पंपाला आणि विहिरीवरच्या मोटारीच्या खटक्यालाही. मारेगावच्या बाजाराला निघाले की स्टँडची पट्टी काढून मागे बसलेल्या बायकोसमोर धरणार. तिनं "दिसली" म्हणायचं. ती एकदा रुसून गप्प बसली, तर स्कूटर दारातच पंधरा मिनिटं उभी राहिली, त्या दिवशीचा बाजार बुडाला, आणि रुसवा कशावरून होता ते दोघंही विसरले. एका लग्नात तर वरातीच्या गाडीपुढे हे दोन्ही हात डोक्यावर फुलीसारखे धरून उभे. नवरदेवाला वाटलं लग्नाला हरकत आहे. वऱ्हाडी धावले, बँड थांबला. चौकशीअंती निघालं एवढंच, की मागच्या चाकाला लावलेला धोंडा कोणी काढला नव्हता.

या पट्ट्यांना मनापासून उत्तर देणारं घरात एकच माणूस होतं, त्यांची मुलगी. लहानपणी ती रोज सकाळी ओट्यावर उभी राहायची. घरातल्या पाच ठिकाणच्या पाच पट्ट्या साडभाऊ हातात धरून दाखवायचे आणि ती बोटं मोजत ओरडायची, "पाच! दिसल्या बाबा!" मगच दिवस सुरू. साडभाऊंच्या मनात होतं की ही विमानाची इंजिनीयर होईल. ती झाली सिनेमासाठी संगणकावर चित्रं करणारी. हैदराबादेत. आणि करते काय, तर विमानं! साडभाऊंनी ऐकलं तेव्हा एकच वाक्य बोलले, "खरी विमानं होती ना, खोटी कायले पाह्यजे?" मग तीन वर्षं त्यांनी तिच्या कामाविषयी एक शब्द विचारला नाही. जेवलीस का, येतेस कधी, कापूस बरा आहे, इथवर बोलणं. ती पण त्यांचीच लेक, तिनंही काही सांगितलं नाही.

मागच्या हिवाळ्यात तिचा फोन आला. सिनेमा लागतो आहे, त्यात एक तुकडा तिचा आहे, शेवटी पाटीवर नावही आहे. "कोणता तुकडा?" आकडसासूनं विचारलं. "बाबाले ओळखू दे," ती म्हणाली, "आन् पाहून झाल्यावर मले सांगा म्हना, किती चुका." फोन ठेवल्यावर माझ्या आकडसासूनं नवऱ्याला समोर बसवलं. "पोरीनं तीन वर्सं वाट पाह्यली तुमची. थेटरात एक शब्द काढला तं लेकीची आन हाय तुमाले. चुका-बिका काई नाई. चांगलं म्हना अन् मोकळे व्हा." साडभाऊ म्हणाले, "पन चूक असली तं?" ती म्हणाली, "तं गिळा."

ऐन वेचणीत एक दिवस मजूर परत पाठवून आम्ही चौघं यवतमाळला निघालो. गाडी माझी. तिच्या हँडब्रेकलाही साडभाऊंनी कधीची लाल पट्टी बांधून ठेवली आहे. दुपारचा खेळ. मी साडभाऊंच्या शेजारी बसलो, कारण दुसरं कोणी तयार नव्हतं. दिवे गेले आणि त्यांनी माझं मनगट धरलं. पहिलं विमान आलं, त्यांनी मनगट दाबलं. मी समजलो, ही एक चूक. बोलता येत नव्हतं, मग चूक माझ्या हातातून बाहेर पडत होती. मध्यंतरापर्यंत माझी बोटं बधिर झाली. माझ्यापुढे वेगळाच घोळ. यातलं विमान भाचीचं कोणतं? दाबलेलं की न दाबलेलं? प्रत्येक दाबाबरोबर मला वाटे, गेलं, पोरीचं गेलं.

मध्यंतरानंतर एक तुकडा आला. पहाटेचं धुकं, एक विमान उभं. विमानाखालून एक माणूस वाकून वाकून काहीतरी काढतो आहे, मग समोर येऊन हात उंच करतो. हातात लाल पट्ट्या. आणि साडभाऊंनी माझा हात एकदम सोडून दिला. मी कडेनं पाहिलं. ते ताठ बसले होते, हात मांडीवर, डोळे पडद्यावर, ओठ हलताहेत. मी बायकोच्या कानात म्हटलं, "हेच पोरीचं. विरघळले बघ." तिनं पलीकडे ताईला सांगितलं, ताईनं डोळ्याला पदर लावला. पुढे सिनेमात कोण मेलं, कोण वाचलं, ते आमच्यापैकी कोणालाच आठवत नाही. शेवटी पाटीवर नावं इतक्या वेगानं पळाली की पोरीचं नाव मी वाचलं, बायकोनं दुसऱ्याच रांगेत वाचलं, आणि आम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या.

बाहेर आल्याबरोबर आकडसासूनं फोन लावला आणि आवाज मोठा केला. पलीकडून भाची म्हणाली, "बाबा, पाह्यला?"

"पाह्यला."

"ओळखलं?"

"ओळखलं ना. बाकीच्या पिच्चरमधी पायलट राह्यते, हिरोइन राह्यते. खालचा मानूस कोनी दाखवत नाई. तो दिसला तिथं तुयं होतं."

"अन् चुका? किती?"

साडभाऊंनी बायकोकडे पाहिलं. तिनं डोळे मोठे केले. "एकही नाई," ते म्हणाले. "एकदम बेस्ट."

पलीकडून एवढाच आवाज आला, "बरं बाबा," आणि फोन बंद. मला वाटलं, आनंदानं बोलवत नसेल. पुन्हा लावला, तिनं उचलला नाही. आम्ही चौघं थेटराच्या फाटकात उभे, एकमेकांची तोंडं बघत. चांगलं म्हटलं तर पोर रुसली कशी? आकडसासू म्हणाली, "'बेस्ट' लय खोटं वाटलं तुमचं." साडभाऊ म्हणाले, "तूच तं सांगतलं." माझी बायको म्हणाली, "रेंज गेली असन." मला तर ती रुसली आहे हेच सगळ्यात उशिरा कळलं.

परतीच्या वाटेवर दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस, उतरतं ऊन, आणि गाडी आज फारच जड ओढते आहे असं माझं मत. बऱ्याच अंतरानं जळका वास यायला लागला. मला वाटलं कोणी कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवल्या. साडभाऊ एकदम दचकून खाली बघत म्हणाले, "भाऊ, थांबवा! हँडब्रेक!" हँडब्रेक वर, त्याची लाल पट्टी जागच्या जागी. यवतमाळपासून मी तसाच आलो होतो. मी चालक, मी गाढव, हे खरंच. पण निघताना पट्टी दाखवायचं साडभाऊ विसरले, हे त्या माणसाच्या आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं.

एका चहाच्या टपरीपाशी चाकं निवेपर्यंत बसलो. त्यांचं मन दुसरीकडे वळवावं म्हणून मी म्हटलं, "दादा, काही म्हणा, पोरीचा तुकडा आला तेव्हा तुम्ही माझा हात सोडला. तिथे मीही हललो."

ते माझ्याकडे बघत राहिले. "हात सोडला, कारन बोटं लागून राह्यलती मले. मोजाले." मग बशी खाली ठेवून, दोन्ही पंजे पुढे धरून ते म्हणाले, "त्यानं इमानाखालून काढल्या पाच. म्या मोजल्या. समोर येऊन दाखवल्या चार. एक खिळी तशीच हाय भाऊ आत. अन् पायलटनं मान हलवली!" एवढं बोलून ते इतके कासावीस झाले की जणू ते विमान अजून यवतमाळच्या आकाशात आहे आणि त्याला कोणी सांगितलेलं नाही.

आकडसासू म्हणाली, "मंग सांगा ना तिले!"

"तूच तं लेकीची आन घातली!"

"थेटरातली घातलती. हे काय थेटर हाय?"

त्यांनी फोन लावला. दोन वेळा वाजून गेला, तिसऱ्यांदा तिनं उचलला. हे 'हॅलो' म्हणायच्या आधीच ओरडले, "पाच काढल्या, चार दाखवल्या! पाचवी कुठी हाय?"

पलीकडे ती हसत होती की रडत होती ते आम्हाला नीट कळलं नाही, आणि मी विचारूही शकत नव्हतो. "दिसली बाबा तुमाले?" ती म्हणाली. "मले लय उशिरा दिसली. म्या आमच्या सरले सांगतलं, एक कमी पडली, मले पुन्हा करू द्या. ते म्हनले, कोन मोजते? म्या म्हनलं, एक मानूस मोजते. नाई करू देल्लं त्याईनं. अन् तुमी म्हनले एकही नाई, तं मले वाटलं, बाबानं पाह्यलंच नाई. आईसाठी बोलून राह्यले."

साडभाऊंनी घसा साफ केला. "टायर मात्र जुना दाखवला तुनं. घासल्याची खून बरोबर जागी हाय. ते कसं काय?"

"ते तुमीच सांगतलं होतं ना, मी लहान होती तवा." आणि मग दोघं टायरवर बोलत बसले. चहा संपला, चाकं निवली, आकडसासूनं भजी मागवून संपवली, तरी टायर चालूच. निघताना त्यांनी हँडब्रेकची पट्टी सोडून माझ्या नाकासमोर धरली. मी मोठ्यानं म्हणालो, "दिसली." बाकी मला त्या दिवसातलं निम्मं अजूनही उमगलेलं नाही. चूक काढली तर ही मुलगी सुखावते आणि 'बेस्ट' म्हटलं तर फोन ठेवते, हे गणित माझ्या डोक्यात बसेना. त्या दोघांना सोडून आर्णीच्या रस्त्याला लागल्यावर मी ते बायकोला बोलून दाखवलं.

ती म्हणाली, "तुमच्या त्या इमानाच्या फोटोले किती अंगठे आलते, आठोते? पाह्यला एकट्या भाऊजीनं."