गच्चीवरचा वारा

दादरला उतरले तेव्हा हमालाने माझ्या सामानाला हात लावायला साफ नकार दिला. सामान म्हणजे एक वळकटी आणि पवनचक्कीचं एक चाक. बांबूच्या कामट्यांवर मांजरपाट ताणून मी त्याला आठ रुंद पाती केली होती. मधला तुंबा गावच्या सुताराने बैलगाडीच्या चाकासारखा करून दिला होता. "मोडलं तर माझ्यावर येनार," म्हणत हमाल दुसऱ्याची ट्रंक उचलून चालता झाला.

ट्रामच्या कंडक्टरने तर चढूच दिलं नाही.

"बाई, आत नाय चालणार. पब्लिकच्या डोळ्यात जाईल."

"मग टपावर ठेवा."

"वर विजेची तार हाय. मरायचंय काय?"

गावात वीज नाही म्हणून मी मुंबईला आले आणि मुंबईत वीज आहे म्हणून पायी निघाले. हिंदमातेपाशी एका साड्यांच्या दुकानदाराने गादीवरूनच विचारलं, "पंखा विकायचाय का?" मी चाक सावरून पुढे चालू लागले. आधीच डोकं तापलं होतं.

मी शाळेत विज्ञान शिकवते. आमचं गाव डोंगरांच्या कुशीत खोलगट जागी वसलेलं आहे. तिथे वारा येतो, पण पिंपळाचं पान हलेल एवढाच. दवाखान्यातली आमची नर्स सखूबाई एका हातात कंदील धरून बाळंतपणं करते. अडलेल्या बाईला दोन्ही हात हवे असतात, एक नव्हे. अशा दवाखान्यांना वाऱ्यावर चालणारा विजेचा दिवा देण्याची योजना गिरगावातल्या एका विज्ञानप्रेमी मंडळाने काढली होती. ज्याचं चाक चाचणीत पसंत पडेल, तेच सगळ्या गावांना बनवून मिळणार होतं. म्हणून हा खटाटोप.

उतरायची सोय परळच्या चाळीत, माझी ट्रेनिंग कॉलेजची मैत्रीण शांता हिच्याकडे होती. खोली एक, माणसं सहा, भिंतीवर बुद्धाची नवी तसबीर आणि चुलीपाशी शांताची सासू. माझं चाक बघून ती म्हणाली, "ह्यां काय हाडलंस गो?" (हे काय आणलंस?)

"दिवा आहे, आये."

"मगे तेल खंय घालतलंस?" (मग तेल कुठे घालणार?)

"वारा घालायचा."

म्हातारी पोट धरून हसली आणि तिने भाकरीबरोबर किसमूर (सुक्या मासळीची खोबरं घातलेली कोशिंबीर) वाढली. चाक रात्रभर जिन्यात राहिलं. चाळीतल्या एकानेही कुरकुर केली नाही, हे मुद्दाम सांगते, कारण पुढे मला वेगळी माणसं भेटायची होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ठाकूरद्वारला मंडळाच्या चिटणिसांच्या घरी गेले. ऑफिसं सुटल्यावर मंडळाची बैठक भरे, आणि ती नेहमी गच्चीवरच. चटया अंथरलेल्या, पन्ह्याचे पेले फिरताहेत, चौपाटीवरून असा वारा येतोय की माझा पदर हातात राहीना.

"या बाई, बसा!" चिटणीस म्हणाले. "आमच्या गच्चीसारखी हवा अख्ख्या मुंबईत मिळायची नाही."

आणि चाचणी इथेच. मला धसकाच बसला.

स्पर्धेत माझ्याविरुद्ध दादरचे इंजिनियर दातार यांचं चाक होतं. पॉलिश केलेल्या सागवानाची तीन सडपातळ पाती, एका परदेशी मासिकातल्या चित्रावरून केलेली. देखणं होतं, नाही म्हणत नाही. दातारांनीच बनवलेला डायनामो आधी त्याला लावला. बारीक तारेचे जास्त वेढे देऊन त्यांनी तो हळू फिरतानाही वीज देईल असा केला होता. समुद्रवाऱ्यावर तीन पाती दिसेनाशी झाली आणि दिवा पांढरा लख्ख पेटला. टाळ्या पडल्या. मग त्याच डायनामोला माझं चाक. ते आपल्या चालीने फिरलं, दिवा पिवळा लागला. कुणीतरी म्हणालं, "हे कीर्तनाला निघालंय वाटतं!" सगळे हसले.

मी उभी राहिले. "एवढ्या वाऱ्यात काहीही फिरेल. आमच्याकडच्या मंद वाऱ्यात ही बारीक पाती जागची हलणार नाहीत. त्याला रुंद आणि जास्त पाती लागतात."

"काहीतरीच, बाई," चिटणीस म्हणाले. "खेड्यात मोकळं रान! तिथे आमच्या दुप्पट वारा असणार."

"तुम्ही खेड्यात कधी राहिलात?"

"दर उन्हाळ्यात माथेरानला जातो की!"

हात वर झाले, तीन पात्यांचा ठराव मंजूर झाला. माझा संताप संताप झाला. मी म्हटलं, "उद्या हरताळ आहे, सगळ्यांना सुट्टी आहे. सकाळी परळच्या चाळीत या. तिथे आमच्या गावासारखाच वारा आहे."

"ट्राम बंद असतील हो."

"पाय बंद नाहीत ना?"

सकाळी एकटे दातार आले, तेही दादरहून खांद्यावर चाक आणि पिशवीत डायनामो घेऊन. दोन चाळींच्या मधल्या बोळात वाळत घातलेल्या लुगड्यांचे नुसते काठ हलत होते. दातारांचं चाक खांबावर चढवलं आणि आम्ही वाट बघत बसलो. पाती जागची हलेनात. "ह्यां निजलां!" (हे झोपलं!) शांताची सासू म्हणाली. मग माझं चढवलं. ते आधी डुललं, मग वळलं, मग फिरायला लागलं. दिव्याची तार लाल झाली, हळूहळू पिवळी झाली. कठड्यावरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

दातारांनी चष्मा पुसला. "चला, ताई. चिटणिसांना सांगू."

लालबागवरून निघालो तेव्हा रस्ता माणसांनी फुलला होता. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" मीही घसा फुटेस्तोवर ओरडले, आणि मनापासून ओरडले. खांद्यावर चाक घेतलेल्या बाईला वाट करून देत लोक मला कसला तरी देखावाच समजत होते.

चिटणीस गच्चीवरच होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पण ठराव मंजूर झालाय."

"मी माझं चाक मागे घेतो," दातार म्हणाले.

"आता ते तुमचं कुठे राहिलं? मंडळाचं झालं. लाकूडसुद्धा सांगून ठेवलंय."

मग मात्र माझा तोल गेला. "तुम्हाला मुंबईसह महाराष्ट्र हवा ना? मग मुंबईनेही महाराष्ट्रासह असावं की! आमच्या बाया अंधारात बाळंत होतात आणि तुम्ही गच्चीवर हवा खात त्यांचा दिवा ठरवता. लाज वाटायला हवी!"

"बाई," चिटणीस शांतपणे म्हणाले, "विज्ञानात राजकारण आणू नका."

खाली जिन्यात दातारांनी डायनामो माझ्या पिशवीत घातला. "चाक मंडळाचं झालं, हा माझाच आहे," एवढंच म्हणाले.

तो डायनामो आता आमच्या दवाखान्याच्या कौलांवर माझ्या आठ पात्यांना जोडलेला आहे. दिवा काही लख्ख नाही. पण सखूबाईने तो खाटेच्या वर टांगला आहे आणि तिचे दोन्ही हात मोकळे आहेत. प्रवास सार्थकी लागला म्हणून इथेच थांबले असते.

पण परवा पलीकडच्या गावी गेले होते. तिथल्या दवाखान्यावर मंडळाचं चाक पोचलं आहे: तीन पाती, सागवानी, चकचकीत. बसवल्यापासून एक फेराही घेतलेला नाही. आत कंदील पेटवत होता तो कंपाउंडर मला बघून ओशाळला.

"चाकाचा दोष नाही हं, बाई," तो हळूच म्हणाला. "मुंबईचं आहे ते. आमच्या गावचाच वारा कमी पडतो."