यंदा नुसते पाव आणा

फोन आला तेव्हा वर्ला ओल्टमन्स फ्रीझरमध्ये कंबरेपर्यंत वाकून मक्याच्या पिशव्या उपसत होती. फोन सुनेचा होता, केंड्राचा.

"आई, थँक्सगिव्हिंगचं जेवण यंदा आमच्याकडे हं. डॅरल गॅरेज रिकामं करतोय, टेबलं तिथंच मांडू. आणि तुम्ही काही त्रास घेऊ नका. नुसते पाव आणा."

"पाव?"

"दुकानातले चालतील."

वर्लानं फोन ठेवला आणि फ्रीझरचं झाकण उघडंच टाकून ती खुर्चीत बसली. आयोवाच्या त्या भागात कोणी कोणाला तोंडावर "तुझं वय झालं" म्हणत नाही. तिथली माणसं सभ्य आहेत. ती पाव आणायला सांगतात. वर्लाच्या नवऱ्याच्या, हार्लनच्या आत्याला, बर्निसला, एका वर्षी पाव सांगितले. पुढच्या वर्षी म्हणाले, काही आणू नका, तुम्ही आलात की पावलं. त्याच्या पुढच्या वर्षी आत्याबाईंचा फोटो टेबलावर होता, शेजारी मेणबत्ती.

आणि इथं तर मक्याचा प्रश्न होता. कुटुंबात कोणी "दुधातला मका" किंवा "ओव्हनमधला मका" म्हणत नसे; "वर्लाचा मका" म्हणत. ऑगस्टमध्ये कणसं सोलायची, दाणे कापायचे, मग सुरी उलटी धरून बुरकुंडं खरवडायची म्हणजे आतलं दूध निघतं. मग साय, अंडी, लोणी, वर खाऱ्या बिस्किटांचा चुरा. ओव्हनमधून निघाला की खरवसासारखा थरथरायचा, आणि भांड्याच्या कोपऱ्यातल्या खरवडीवरून धडधाकट बाप्ये चमच्यांनी लढायचे. हार्लन गेला त्या वर्षीसुद्धा, डोळे सुजलेले असताना, वर्लानं मका नेला होता.

मग आता पाव का? कोणाच्या डोक्यातून आलं हे?

संशय घेणं हा वर्लाचा पेशाच होता म्हणा ना. उभा जन्म तिनं गावातल्या धान्याच्या कोठारावर, वजनकाट्याच्या खोलीत काढला. शेतकरी मका भरून ट्रक आणायचे. ती वजन करायची आणि ओलावा मोजायची. ओला मका स्वस्त जातो, म्हणून चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारे सज्जनसुद्धा खाली ओला भरून वर कोरड्याचा थर द्यायचे. वर्ला लांब पोकळ नळी पार ट्रकच्या तळापर्यंत खुपसायची. "वरचा मला दाखवू नका," म्हणायची, "वरचा सगळ्यांचाच कोरडा असतो." निवृत्त झाली तरी नळी काही हातातून सुटली नव्हती. आता ती माणसांत खुपसायची.

नळी पहिल्यांदा गेली ती नणंदेकडे. आर्डिथ म्हणजे हार्लनची धाकटी बहीण, आणि वर्लाच्या मक्यावर तिचा डोळा लग्नाच्या दिवसापासून. शिवाय ईस्टरला मुलाकडे, डॅरलकडे नेलेलं निळ्या फुलांचं भांडं घरी परतलंच नव्हतं. ते आर्डिथनंच ढापलं याबद्दल वर्लाच्या मनात शंका नव्हती. मका करायचा तर भांडं लागणारच की!

दोन दिवसांनी दुकानात आर्डिथ दिसली. वर्लानं आधी तिची ढकलगाडी पाहिली, मग तिला. गाडीत सायीचे दोन डबे, खारी बिस्किटं.

"बिस्किटं बरीच घेतलीस गं."

"सूपबरोबर लागतात," आर्डिथ म्हणाली. "थंडी पडली ना."

"आणि साय?"

"कॉफीत. तुला काय सांगितलंय यंदा?"

वर्लानं इकडंतिकडं पाहिलं. "पाव."

आर्डिथनं ढकलगाडी बाजूला लावली. मग तिनं वर्लाच्या दंडावर हात ठेवला.

"छान. हलके असतात उचलायला."

त्या एका वाक्यानं वर्लाचा निश्चय झाला. गुरुवारी सकाळी तिनं मका केला. चुरा दुधात भिजवला, फुगू दिला, मक्यात कालवला, आणि शेवटी कपाटामागून डबी काढून जायफळाचा जेमतेम वास लागेल इतका कीस टाकला. जायफळाचं कुणालाच ठाऊक नव्हतं. हार्लन बिचारा वरती गेला तोही ते न कळताच. हे दुसरं भांडं गरमागरमच टॉवेलांत गुंडाळून, वर जुनी रजई घालून तिनं गाडीच्या डिकीत दडवलं. पाव पुढच्या सीटवर, सगळ्यांना दिसतील असे.

डॅरलचं गॅरेज धुऊन पुसून स्वच्छ होतं, हीटर घुमत होता आणि टेबलांवर कागद अंथरले होते. वर्लानं पाव ठेवले आणि कोट न काढताच टेबलाची फेरी सुरू केली. आर्डिथच्या भांड्यावरचा फॉइल कोपऱ्यातून उचलून पाहिला. रताळी. शेजारचं पाहिलं. फरसबी. मका नव्हता.

"काय शोधतेयस?" मागून आर्डिथ.

"मीठ."

"ते टेबलाच्या मधोमध आहे, वर्ला. नेहमी असतं तिथंच." आणि हे ती जरा सावकाश, मोठ्यानं म्हणाली, जसं कमी ऐकू येणाऱ्याला सांगतात.

तेवढ्यात घरातलं दार ढकलून केंड्रा आली. हातात हातमोजे, गाल लाल, आणि मोज्यांमध्ये निळ्या फुलांचं भांडं. त्यात मका. वरून असा सोनेरी की फोटो काढावा.

म्हणजे चोर ही! बिचाऱ्या आर्डिथवर ईस्टरपासून उगाच जळफळाट केला. अर्थात, वर्लाला त्याचं वाईट वगैरे काही वाटलं नाही; जळफळाट कधी ना कधी कामाला आला असताच.

डॅरलनं प्रार्थना म्हटली. वर्लानं डोळे मिटले नाहीत. आमेन होताच पहिला चमचा आर्डिथनं मक्यात घातला. वरचा थर कुरकुरला आणि खालून पाणी आलं. दुधाळ, पातळ पाणी. ते आर्डिथच्या ताटात पसरलं, बटाट्याला वळसा घालून टर्कीखाली शिरलं. आर्डिथनं घास घेतला, चावला, गिळला.

"हं," ती म्हणाली. "वेगळं झालंय."

गॅरेजमध्ये चमचे थांबले. त्या गावात कडू म्हणत नाहीत, करपलं म्हणत नाहीत, फेकून द्या म्हणत नाहीत. 'वेगळं' म्हणतात, आणि त्यात हे सगळं आलं. केंड्राच्या गालावरची लाली खाली मानेपर्यंत उतरली.

वर्लाला मनातून बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. आता डिकीतून खरा मका आणायचा, मधोमध ठेवायचा, आणि पावांचा विषय कायमचा मिटवायचा. ती उठणार, एवढ्यात आर्डिथनं भांडं दोन्ही हातांनी वर उचललं आणि तळाशी पाहिलं. प्रत्येक बाई आपल्या भांड्याच्या तळाला चिकटपट्टीवर नाव लिहून लावते. नाहीतर भांडी बदलतात.

"'वर्ला ओ.'" आर्डिथनं वाचलं. "अगं बाई! तुझा आहे होय हा? तरीच केंड्रानं पाव सांगितले." मग सगळ्यांकडे पाहून, प्रेमानं, "असू दे, असू दे. हात आहेत, थकतात."

टेबलाभोवतीचे सगळे वर्लाकडे बघायला लागले. ती नजर वर्लाला ठाऊक होती. बर्निस आत्याकडे बघायचे तशीच.

"नाही, आर्डिथआत्या," केंड्रा म्हणाली, "तो मी केलाय. आईंनी जसा सांगि..."

"माझाच आहे!" वर्ला जवळजवळ ओरडली.

कारण ते वाक्य पुरं होऊन चालणार नव्हतं. आईंनी जसा सांगितला तसाच केलाय, असं सून म्हणाली असती, तर पुढचा प्रश्न आर्डिथनं विचारलाच असता: आईंनी काय सांगितलं?

"तो नमुन्याचा आहे," वर्ला म्हणाली. "खरा गाडीत आहे. आणते."

"नमुन्याचा?" आर्डिथ म्हणाली. "मक्याचा नमुना?"

"जन्मभर नमुनेच काढलेत मी," वर्ला म्हणाली आणि बाहेर पडली.

बाहेर वारा हाडांत शिरत होता. डिकी उघडते तो मागून केंड्रा आली, कोटाशिवायच. तिनं रजई पाहिली, टॉवेल पाहिले.

"आई, मी पाव सांगितले होते."

"आणि माझं भांडं तुझ्या ओव्हनमध्ये कसं?"

"ईस्टरला तुम्हीच विसरलात. मला वाटलं, त्याच भांड्यात जमत असेल."

"आर्डिथनं शिकवलं तुला, मला पाव सांगायला?"

"कोणी नाही! तुम्ही करून आणला असता तर माझा कोणी चाखला तरी असता का?" केंड्रानं डोळ्यांवर आलेले केस मागे सारले. "तुम्ही लग्नात सांगितलात तस्साच केला. दूध, साय, अंडी, मूठभर बिस्किटांचा चुरा वर. घरी कितीदा करून बघितला. दरवेळी खाली पाणी. डॅरल म्हणाला ओव्हन बिघडलाय. नवा घेतला आम्ही, आई!"

वर्ला टॉवेलाची गाठ सोडता सोडता थांबली. वर कोरडा, खाली ओला. इतकी वर्षं ट्रकांत नळी खुपसली, आणि हा ट्रक तिनं स्वतः भरून दिला होता. सांगितलं त्यात खोटं काहीच नव्हतं. अर्धं होतं, एवढंच. मक्याची कृती अर्धी सांगायची हे तिला सासूनं शिकवलं होतं, म्हणजे स्वतः अर्धी सांगून.

"वरची मूठ सांगितली," ती म्हणाली. "आतली राहिली."

"आतली?"

"एक मूठ चुरा दुधात भिजवायचा. फुगू द्यायचा. मग मक्यात कालवायचा. पाणी तो पितो."

"राहिली म्हणजे? विसरलात?"

"राहिली," वर्ला म्हणाली. "तू परत कुठं विचारलंस?"

केंड्रानं वाकून टॉवेलाचं टोक उचललं आणि मक्याचा वास घेतला. मग पुन्हा घेतला.

"अजून काही राहिलंय?"

"नाही."

केंड्रानं मान वर करून वर्लाकडे बघितलं. बराच वेळ, पापणी न हलवता, थेट तळापर्यंत. काट्याच्या खोलीतल्या खिडकीतून वर्ला असंच बघायची आणि चर्चमधले सज्जन टोपी सारखी करायला लागायचे. वर्लानंही स्कार्फ सारखा केला.

"पुढच्या वर्षी मका आपण दोघी करू," केंड्रा म्हणाली. "तुमच्या स्वयंपाकघरात. मी शेजारी उभी राहणार. भांड्यात काय काय पडतं ते बघणार."

डॅरलनं बायको निवडली तेव्हा वर्लाला ती जरा भोळी वाटली होती. आज पहिल्यांदा तिला वाटलं, पोरगं अगदीच काही वाया गेलं नाही.

"बघ बघ," ती म्हणाली आणि भांड्याची एक बाजू सुनेच्या हातात दिली. "पण आर्डिथला फोन तू करायचास."

"कशाबद्दल?"

"पावांबद्दल."