मुक्ताबाईची खाण

आष्टीकडच्या माळावर मुक्ताबाईनं निम्मं आयुष्य दगड फोडण्यात घातलं. बाई अंगानं काटकुळी, पण तोंडाची अशी की मुकादमसुद्धा तिच्याशी जपून बोलायचा. छप्पन्न साली बापाबरोबर बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हापासून ती कुणापुढं वाकली नव्हती आणि पुढंही वाकायचा तिचा विचार नव्हता.

बहात्तरच्या दुष्काळात बबनरावांनी खडी फोडणाऱ्या बायांची मजूर सोसायटी काढली आणि स्वतः चेअरमन झाले. माळाखालचा दगड सरकारचा. तो काढायला परवाना लागतो, आणि मजुरांच्या सोसायटीला तो चटकन मिळायचा. म्हणून तर सभासद म्हणून बायांचे अंगठे घेतले. परवाना हातात पडल्यावर मात्र बबनरावांनी खडी फोडायचं मशीन मागवलं आणि बायांना घरी बसायला सांगितलं. त्या साली घरी बसणं म्हणजे उपाशी बसणं. मुक्ताबाईचं टाळकं फिरलं.

खडीवाल्या बायांत एक रीत होती. ज्या दगडावर ठेवून खडी फोडायची, तो बैठकीचा दगड जिनं जिथं मांडला ती जागा तिची. दुसरीचा दगड हलवणं म्हणजे तिच्या ताटातली भाकर उचलणं. मशीन यायच्या दिवशी मुक्ताबाईनं सगळ्यांचे दगड खाणीच्या वाटेवर आडवे मांडायला लावले आणि बाया त्यांच्यामागं बसून राहिल्या.

मशीन ओढत आलेला ट्रॅक्टर थांबला. ड्रायव्हर जालिंदर खाली उतरला आणि तसाच उभा राहिला. त्याची आईही त्याच बायांत बसली होती.

“हलव की बे ते दगड,” बबनराव म्हणाले.

“न्हाई मालक. माझ्या हातून ते व्हायचं न्हाई.”

बबनराव तणतणत मुक्ताबाईसमोर आले. “खाण काय तुझ्या बापाची हाय?”

“न्हाई, सरकारची हाय. सरकारनं सोसायटीला दिली. सोसायटी कुणाची, चेअरमन?”

“माझी.”

“तुमी कवा खडी फोडली? आमी हाव म्हणून परवाना मिळाला. आमाला न इचारता मशीन का आणलं?”

“ते सभेत बघू.”

“सभासद समदे हितंच हायेत.” ती बायांकडं वळली. “ज्यांना मशीन नको त्यांनी हात वर करा.”

घट्टे पडलेले हात वर गेले. एकही खाली राहिला नाही. बबनरावांनी मान फिरवली आणि जालिंदरला ट्रॅक्टर वळवायला सांगितलं.

“हात खाली घेऊ नका गं,” मुक्ताबाई म्हणाली. “चेअरमन बदलायचा का, ते बी आत्ताच इचारते.”