उत्तर न देणाऱ्या जाऊबाई

माझ्या थोरल्या जाऊबाईंनी जन्मात कुणाच्या प्रश्नाला सरळ उत्तर दिलं नाही. त्यांना काही विचारलं की त्या आपल्यालाच बघायला पिटाळत. दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आम्ही दोन भावांची कुटुंबं एकत्र राहत होतो, त्यामुळे या पिटाळणीतून घरातलं कुणीच सुटलं नाही. सासूबाईंनी विचारावं, "आमटीत मीठ घातलंस का गं?" आणि वहिनींनी, मी जाऊबाईंना वहिनीच म्हणते, नम्रपणे पळी त्यांच्यापुढे धरावी. बाहेर पाऊस आहे का, असं अंथरुणात लोळत विचारणाऱ्या माझ्या नवऱ्याला त्यांनी उठवून खिडकीबाहेर हात काढायला लावला होता. तेव्हापासून तो रेडिओवरच्या हवामानावर विसंबून राहू लागला.

हे सगळं मुलांसाठी होतं. त्यांची सई आणि माझा निखिल, दोघंही तेव्हा बालवाडीच्या वयाची, आणि या दोघांना विज्ञान घरीच शिकवायचं असा वहिनींनी चंग बांधला होता. स्वतः त्या संस्कृत घेऊन बी.ए. झालेल्या. मी एकदा भीत भीत म्हटलं, "वहिनी, विज्ञान हा तुमचा विषय तरी आहे का?" तर म्हणाल्या, "शाळेत अख्खं पुस्तक पाठ होतं माझं. पाण्याची वाफ होते, वाफेचं पाणी होतं, सगळं घडाघडा. लग्नानंतर एक दिवस भाताचं झाकण उचललं, त्यातून पाणी ठिबकलं, आणि मला कळलं की हेच ते. इतकी वर्षं कुणी साधं झाकण उचलून दाखवलं नाही गं." त्यांनी मला दिलेलं सरळ उत्तर बहुधा हे एवढंच.

दिल्लीच्या थंडीत दही लागत नाही, ही आम्हा मराठी घरांची कायमची रड. ते का लागत नाही, असं निखिलने एकदा विचारलं आणि झालं, घरभर विरजणाच्या वाट्या मांडल्या गेल्या. एक गॅलरीत, एक फ्रिजवर, एक कणकेच्या डब्यात आणि एक दादांच्या, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांच्या, लोकरी स्वेटरात गुंडाळून. दादा गुडगावच्या पुढे मानेसरला कारखान्यात होते. सकाळी कंपनीची बस गाठायच्या घाईत त्यांनी अंधारातच स्वेटर ओढला आणि दही त्यांच्या खांद्यापासून पँटपर्यंत ओघळलं. वहिनींनी आधी मुलांना हाक मारली. "बघा, बाबांच्या अंगावरचं किती घट्ट लागलंय. का बरं?" मुलं उत्तर शोधेपर्यंत दादा तसेच उभे होते, आणि त्यांची बस गेली.

उन्हाळ्यात वरच्या मजल्यावरच्या पंजाबी भाभीजींना आमची मुलं गच्चीत ओल्या रुमालांसमोर मांडी घालून बसलेली दिसली. "बहनजी, बच्चों को सज़ा दी है क्या?" असं त्यांनी काळजीने विचारलं. वहिनी म्हणाल्या, "नहीं जी, रुमाल सूख रहे हैं, वो देख रहे हैं." भाभीजी थोडा वेळ थांबल्या, मग त्याही बसल्या. रुमाल वाळत नाहीत त्या पावसाळ्यात कूलरनेही घर थंड का होत नाही, हे त्यांना त्या वर्षी समजलं असं त्या पुढे सगळ्या कॉलनीला सांगत.

तेव्हा गुडगावात शेतांमधून इमारती उगवत होत्या. दादांनी तिथे फ्लॅट घेतला होता आणि जवळच एक नवी चकचकीत शाळा निघाली होती. तिथे सईला प्रवेश मिळाला की आपली नौका पैलतीरी लागली, असं दादांना वाटे. तिकडे दुसरी बरी शाळाही नव्हती. मुलाखतीत मॅडमनी संत्र्याचं चित्र दाखवून विचारलं, "बेटा, ये पानी में डूबेगा या तैरेगा?"

"छिलके के साथ, या छिलका उतारके?" सईने विचारलं. सालीसकट तरंगतं आणि सोललेलं बुडतं, हे तिने घरी बादलीत पाहिलं होतं.

"जो पूछा है वो बताओ."

"पानी मँगवाइए ना. मैं डालके बताती हूँ."

मुलीची तयारी नाही, असा निरोप आला. दादांनी हातापाया पडून सोमवारची दुसरी वेळ मिळवली आणि घरी येऊन प्रथमच वहिनींवर आवाज चढवला. "हट्ट तुझा आणि वर्ष पोरीचं जाणार. एकदा, फक्त एकदा, तिला नुसती उत्तरं सांगून टाक."

मला वहिनींची दया आली; दादांचंही चुकत नव्हतं. संध्याकाळी वहिनींनी सईला दिवाणावर समोर बसवलं आणि खाली बघत, पाठ केल्यासारखं, सांगायला लागल्या. "संत्रं तरंगतं. लाकूड तरंगतं. दगड बुडतो. लोखंड बुडतं."

सईने सगळं शहाण्यासारखं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तू म्हणतेस तर असेल आई. पण मी येते हं जरा." आणि ती आत गेली.

थोड्या वेळाने बाथरूममधून हाक आली. आम्ही सगळे धावलो. पाण्याने भरलेल्या टबात आमची भजी तळायची लोखंडी कढई ऐटीत तरंगत होती.

"आई, तुझं चुकलं," सई म्हणाली. तिने कढईचा काठ दाबला, आत पाणी शिरलं आणि कढई तळाशी गेली. "अशी दाबली की बुडते. मॅडमना दोन्ही सांगू का?"

वहिनी दादांकडे वळून शांतपणे म्हणाल्या, "अहो, सोमवारी जायचं नाही. गुडगावला राहायला जाऊ. हिला मी रोज बसने इथल्या शाळेत घेऊन येईन." आणि त्यांनी ते केलं. उन्हात, धुक्यात, खच्चून भरलेल्या बसमध्ये मुलीला पुढे धरून वर्षानुवर्षं त्या येत-जात राहिल्या.

सई पुढे छान शिकली. लग्नाकार्यात नातेवाईक वहिनींचं कौतुक करतात, काय ठाम बाई, मनात जरासुद्धा शंका नव्हती म्हणतात. वहिनी नुसत्या हसतात. मी मात्र तेव्हा बाथरूमच्या दारात त्यांना लागून उभी होते. "जायचं नाही" म्हणताना त्यांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं, की दुसऱ्या दिवशीही त्यावर त्यांच्या बोटांचे वळ दिसत होते.