अमीनभाईंच्या हातातली तबकडी

येरवड्यातल्या त्या इमारतीत वरच्या मजल्यावरून खाली किल्ली फेकायची रीत आहे. खाली उभं राहून हाक मारायची, वरून किल्ली येते, झेलली तर झेलली, नाहीतर चिखलात शोधायची. अमीनभाई अत्तारांकडून मात्र अशी किल्ली आजवर कुणाला मिळालेली नाही. ते जिने उतरून येतात, किल्ली समोरच्याच्या तळहातावर ठेवतात आणि गुडघे धरत पुन्हा वर चढतात. लोक हसतात, हसू देत. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात ज्यानं उभी हयात तोफगोळ्यांचे फ्यूज भरण्यात घालवली, त्यानं वस्तू फेकायची सवय लावून घेतली असती तर किल्ली मागायला माणूसच उरला नसता.

तिथला शिरस्ताच तसा होता. काडेपेटी गेटवर ठेवायची, धावायचं नाही, आणि हातातली वस्तू दुसऱ्याच्या हाती नीट पोचल्याशिवाय बोटं सैल करायची नाहीत. नोकरी संपली तरी बोटांना कुणी रिटायर केलं नाही. लेक नसीम लहानपणी चेंडू खेळू या म्हणायची, तेव्हा हे चालत जाऊन चेंडू तिच्या ओंजळीत ठेवायचे आणि परत आपल्या जागी येऊन उभे राहायचे. झेलायला ती शिकली आईकडून. अख्तरबानू सगळंच फेकायच्या: टॉवेल, वांगी, टोमणे.

अख्तरबानू गेल्या त्याला आता दोन रमजान झाले. तेव्हापासून अमीनभाई बंद टीव्हीसमोर बसतात. दाराची बेल वाजली तरी उठायचा कंटाळा. अशात नसीमला तिच्या कंपनीनं तीन वर्षांसाठी आयर्लंडला जाशील का असं विचारलं. कॉलेजात असल्यापासून पोरीला परदेशी काम करायचं होतं, आणि आता दार उघडलं तर तिनं उंबऱ्यावरच पाय रोवले.

"तुम्ही असेच बसून राहणार असाल तर मी जात नाही," तिनं सांगून टाकलं. "चार माणसांत मिसळा, एकटे बाहेर पडा. मला दिसू दे. मग बघू."

अमीनभाई त्या रात्री बायकोच्या फोटोशी बरंच बोलले. पोरीच्या पायातली बेडी आपण व्हायचं नाही, एवढं त्यांनी ठरवलं. सकाळी नसीमला म्हणाले, तुझ्या त्या रविवारच्या खेळाला मी येतो. हौसेनं आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच.

कारण खेळ काय, तर डिस्क गोल्फ. नदीकाठच्या बंद पडलेल्या एका रोपवाटिकेत नसीमबरोबर खेळणाऱ्या मंडळींनी झाडांमधून लोखंडी खांब रोवले होते. प्रत्येक खांबाला वर साखळ्यांची झालर आणि खाली जाळीची टोपली. लांबून प्लास्टिकची तबकडी फेकायची, ती साखळीला आपटून टोपलीत पडली पाहिजे. जितक्या कमी फेकींत पडेल तितकं चांगलं. बस्स, एवढंच. फेकणं सोडून त्यात दुसरं काही नव्हतं.

शिकवायला पद्मजाताई होत्या, सदाशिव पेठेतल्या आणि बोलायलाही तिथल्याच. त्यांनी पकड दाखवली, पाय कसे ठेवायचे ते दाखवलं. अमीनभाईंनी मान डोलावली, हात मागे नेला, पुढे आणला, आणि तबकडी हातातच राहिली. उलट झोकानं ते स्वतःच अर्धी गिरकी घेऊन मागच्या लोकांकडे तोंड करून उभे राहिले.

"काका, तबकडी आपण परत मागणार नाही आहोत," पद्मजाताई म्हणाल्या. "सोडलीत तरी चालेल."

दुसऱ्या रविवारी बोटं उघडली, पण इतकी उशिरा की तबकडी मागे नाश्त्याला आणलेल्या पोह्यांच्या पातेल्यात गेली. तिसऱ्या रविवारी मात्र कहर झाला. सगळे वाट बघतायत, घाम फुटलाय, हात तर वळतच नाही. अमीनभाई सरळ चालू लागले. झाडांमधून वाट काढत टोपलीपर्यंत गेले, तबकडी हलकेच आत ठेवली आणि त्याच वाटेनं परत आले. सगळे पोट धरून हसले. नसीमही हसली, पण लगेच दुसरीकडे बघू लागली. ते बघणं अमीनभाईंना फार लागलं. एवढा मोठा माणूस, आणि एक प्लास्टिकची थाळी हातातून सुटत नाही म्हणून लेकीचं नशीब अडलंय. आपल्याच हातावर आपला हुकूम चालू नये, याची त्यांना मनापासून शरम वाटली.

घरी आल्यावर नसीम म्हणाली, राहू द्या अब्बा, मी नाही म्हणून कळवून टाकते. अमीनभाईंनी तिच्याकडे फक्त आणखी एक रविवार मागितला.

त्या आठवड्यात ते रोज गच्चीवर जाऊन हात हलवत राहिले. सुंभ जळतो पण पीळ जात नाही, तसं चाललेलं. शुक्रवारी नमाजाहून आल्यावर धुणं वाळत घालायला घेतलं. ओला टॉवेल झटकला, आणि फट्‌ आवाज झाला. पुन्हा झटकला. मनगट कुठं वळतं ते त्यांनी नीट पाहिलं. मग टॉवेल ठेवून तबकडी घेतली आणि ती फेकायची आहे हे विसरून नुसती झटकली. तबकडी भिंतीवर जाऊन आदळली. अमीनभाई हाताकडे बघतच राहिले. बोटं त्यांनी उघडलीच नव्हती. ती आपणहून निसटली होती.

रविवारी त्यांची पाळी आली तेव्हा लोक आधीच बाजूला सरकले, पातेल्यावर झाकण गेलं. अमीनभाईंनी हात छातीशी घेतला आणि मनातला टॉवेल झटकला. तबकडी दोन सुबाभळींमधून सपाट गेली, साखळ्या खणखणल्या आणि टोपली हलली. मग पद्मजाताईंनी चक्क टाळ्या वाजवल्या, आणि अमीनभाई हसले, दातांची फट दिसेपर्यंत.

नसीम धावत आली आणि गळ्यात पडली. रडत होती. अमीनभाईंनी तिच्या पाठीवर थोपटलं आणि गेले कितीतरी दिवस घोकून ठेवलेलं वाक्य बाहेर काढलं. "आता तू जा. बघितलंस ना, माझं जमतंय."

"नाही जाणार," नसीम डोळे पुसत म्हणाली. "अम्मी गेल्यावर तुम्ही आज पहिल्यांदा हसलात. हे टाकून मी कुठं जाऊ?"

अमीनभाईंनी मनातल्या मनात हिशेब मांडला. जमलं नसतं तर ती थांबणारच होती, आणि जमलं तर जमलं म्हणून थांबली. मग एवढा आटापिटा कशासाठी केला? तिला रागवायला हवं होतं, मला तुझी गरज नाही असं खडसावून खोटं बोलायला हवं होतं. बापानं एवढं तरी करायला हवं. त्यांनी तोंड उघडलंही. पण पोरीनं त्यांचा दंड धरलेला होता, आणि ती जाणार नाही म्हणताच काळजात जो आनंद उसळला होता त्याची त्यांना लाज वाटत होती, तरी तो दाबता येत नव्हता.

"पुढच्या रविवारी," ते म्हणाले, "किती वाजता यायचं?"