संघपालभाऊचा लाल बास

सकाळी साडेदहाला संघपालनं नाटक कंपनीच्या हापिसात गिटारची काळी पेटी उघडली, तर आत नुसतं मखमलीचं अस्तर. चार जाड तारांचा बास गिटार नव्हता. त्यानं पेटी लावली आणि परत उघडली. माणसाचं असंच असतं, दुसऱ्यांदा पाहिल्यावर गेलेली वस्तू जागेवर येईल असं त्याला उगीच वाटतं. अकराला तालीम होती. या हंगामात संघपाल नाटक कंपनीसोबत फिरणार की चंद्रपूरला घरी बसणार, ते त्या तालमीत ठरणार होतं.

कंपनी केसरबाईंची. वडसा गावी अशा बऱ्याच कंपन्यांची हापिसं आहेत. दिवाळी झाली, धान घरात आलं, की तिथून नाटकं गावोगाव निघतात. केसरबाई पूर्वी स्वतः काम करायच्या, आता कंपनी हाकतात. त्यांनी फोनवर स्पष्टच सांगितलं होतं, "भाऊ, गाडीत वाजवनाऱ्याची एकच जागा उरली हाय. निकेश डाव्या हातानं कीबोर्डवरच बास वाजवते. मंग तुमाले कायले नेऊ? येऊन दाखवा, मंग बोलू."

संघपाल चंद्रपूरचा, पंचावन्नचा. पावसाळाभर कोळशाच्या ट्रकांच्या स्प्रिंगांचे पाटे बसवायचे आणि हिवाळा आला की बास वाजवायला वडशाची गाडी धरायची, असं बावीस वर्षं चाललं. पण त्याचं हे वेड त्याही आधीचं. एकोणीस वर्षांचा असताना धम्मचक्र दिनाला चंद्रपुरात नागपूरची एक भीमगीतांची पार्टी आली होती. तिच्यात एक म्हातारा बासवाला होता. त्याचा बास परदेशी, सायीच्या रंगाचा. हात टेकून टेकून एका जागी रंग उडालेला आणि आतलं लाकूड दिसणारा. आवाज कानात शिरायच्या आधी छातीत शिरत होता. कार्यक्रम संपल्यावर म्हाताऱ्यानं पोराला एक तार छेडू दिली. एकच. तेवढ्यावर संघपाल आयुष्यभरासाठी वाया गेला, असं त्याची बायको अजून म्हणते.

तसा बास मिळणं तेव्हा शक्य नव्हतं. मिळाला तो कलकत्त्याचा, नक्कल केलेला. त्याच्यावर बावीस हिवाळे निघाले. पावसाळ्यात कंपनीचं सामान, आणि त्यातच तो बास, वडशाला तांदळाच्या गोदामात पडून असायचा. दोन वर्षांमागं ओलीनं बासची दांडी पिळली, तारा बोटांना दाद देईनात. तेव्हापासून निकेशचा डावा हात मोकळा सुटला होता.

आणि एक दिवस फोनवर संघपालला तो म्हाताऱ्याचा बास दिसला. बास बनवणाऱ्या परदेशी कंपनीनं पन्नास वर्षांपूर्वीचं तेच मॉडेल पुन्हा काढलं होतं. तोच सायीचा रंग, तीच पिवळट दांडी, आणि हात टेकायच्या जागी कारखान्यातच खरवडून ठेवलेला तोच उडालेला रंग! संघपाल चार महिने ते चित्र पाहत बसला. जेवताना पाहायचा, गाडीखाली पाठीवर पडल्या पडल्या पाहायचा. शेवटी नागपूरला नर्स असलेल्या रोशनीनं, त्याच्या लेकीनं, तो मागवूनच दिला. खोकं उघडलं तेव्हा शेजारचा सोमाजी म्हणाला, "नवीन मागवला अन् घासलेला आला? वापस कर ना बाप्पा! फसवलं तुले." संघपाल हसला होता. याला काय कळतंय, असं त्याला मनापासून वाटलं होतं.

तोच बास आता नव्हता. काल संध्याकाळी गाडीतून उतरून तो हापिसात आला, पेटी व्हरांड्याच्या कोपऱ्यात टेकवली, आणि बहिणीकडे, कांताकडे जेवायला गेला. हापिसच सुरक्षित, कांताची नातवंडं काही सोडत नाहीत, असा त्याचा शहाणा हिशोब.

व्हरांड्याचा कोपरा! संघपालच्या डोक्यात एकदम लख्ख प्रकाश पडला. दिवाळीनंतरच्या या आठवड्यात त्या कोपऱ्यात जे ठेवाल ते रंगाला जातं. सिंहासन, तलवारी, तबलजीची खुर्ची, सगळं. मुखरू पेंटर येतो, कोणाला न विचारता उचलतो आणि नवंकोरं करून देतो. हे संघपालला ठाऊक नव्हतं असं नाही. बावीस वर्षं तो या आठवड्यात आपला जुना बास रंगवून घ्यायला त्याच कोपऱ्यात ठेवत आला होता. काल हातानंच ठेवला, डोक्याला विचारलं नाही.

तो मागच्या अंगणात धावला. दांडीला सुतळी बांधून बास कडुलिंबाच्या फांदीला टांगलेला होता. लालभडक. कडेनं सोनेरी वेल. तारांवर आणि त्यांच्याखालच्या पिकअपवर वर्तमानपत्र नीट चिकटवलेलं. खाली मुखरू ब्रश धूत बसला होता.

"जयभीम भाऊ," मुखरू खुशीत म्हणाला. "कसा झाला? हाताखालची सारी पालिश उडली होती बिचाऱ्याची. पयले पालिशपेपरनं घासला, मंग दोन हात मारले."

"मुखरू, काऊन केलास रे असं?" संघपालचा आवाज चिरकला. "ते उडालेलं नोहोतं! तसाच बनवला होता तो!"

मुखरूला काही उमगेना. "तसाच? मुद्दाम?"

"मुद्दाम!"

"मंग कंपनीवाले येडे हायेत," मुखरू म्हणाला. संघपालचा चेहरा पाहून त्यानं ब्रश खाली ठेवला. "भाऊ, आज तुमची परीक्षा हाय म्हनून रातभर बसलो मी. बाईपुढे फाटक्या अंगानं नेता का त्याले?"

संघपालला त्याची गचांडी धरावीशी वाटली, आणि त्याच क्षणी रडूही येत होतं. म्हाताऱ्याचा तो बास छत्तीस वर्षांनी हाती आला आणि पंधरा दिवसांत गेला. पण रडायलाही वेळ नव्हता. पावणेअकरा होत आले होते. त्यानं कागद सोलले, सुतळी कापली. रंग अजून बोटाला चिकटत होता.

तालमीच्या हॉलमध्ये फळ्यांचा रंगमंच घातला होता. केसरबाईंनी चपला काढल्या आणि अनवाणी फळ्यांवर उभ्या राहिल्या. त्यांना एका कानानं कमी ऐकू येतं, पण बासची परीक्षा त्यांनी कानानं कधी केलीच नाही. ठोका तळपायाला लागला तरच नटाचं पाऊल तालात पडतं, असं त्यांचं म्हणणं. निकेश आधी वाजवून मोकळा झाला. चांगलंच वाजवलं, सफाईनं. त्याचा आवाज समोरच्या भिंतीजवळच्या स्पीकरमधून हॉलभर गेला. बाईंचे पाय हलले नाहीत.

संघपालनं आपल्या ॲम्प्लिफायरचा डबा फळ्यांवरच ठेवला, बास गळ्यात घातला आणि उजवा हात टेकवला. हात चिकटला. चांगलाच चिकटला. आता उचलला तर केसांसकट निघणार, न उचलता वाजवावं तर मनगट अडणार. निकेशनं मान खाली घालून हसू दाबलं. दारात मुखरू उभा होता, त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

संघपालनं डोळे मिटले आणि वाजवायला लागला. पहिल्या ओळीत दोन स्वर दबले. आता झालं, गेली जागा, असं त्याच्या मनात येऊन गेलं. पण हात फळीसारखा एकाच जागी खिळल्यामुळे बोटांना जास्तीचं काही करताच येईना. ती सरळ, जड, एकेक ठोका टाकू लागली, म्हातारा टाकायचा तशी. फळ्या घुमल्या. कोपऱ्यातली लाकडी तलवार थरथरून आडवी पडली. केसरबाईंनी पायाची बोटं आखडून घेतली, मग पसरली. दोन पावलं टाकली, गिरकी घेतली. साठीची बाई, पण पाऊल ठोक्यावर पडलं.

संघपाल थांबला. तो बाईंच्या पायांकडेच पाहत राहिला. वर पाहायची हिंमत नव्हती.

"निकेश," केसरबाई चपला घालत म्हणाल्या, "यावर्षी तुहा डावा हात खिशात ठेव."

संघपालनं हात उचलला. कळ डोक्यापर्यंत गेली. हाताला लाल रंगाचं सालपट आलं होतं आणि बासवर, बरोब्बर हात टेकायच्या जागी, उघडं लाकूड दिसत होतं.

मुखरू लगबगीनं पुढे आला. "आना भाऊ, तेवढ्यावर एक हात मारून देतो."

"हात नोको लावू त्याले," संघपाल म्हणाला आणि बास छातीशी धरला. "हे मीच उडवलं."